कांचनजंगेची दुसरी बाजू

१९६८ च्या नोव्हेंबरात थॉमस मर्टन दार्जिलिंगजवळच्या मीम नावाच्या चहामळ्यात सर्दीने हैराण होऊन मुक्कामाला होते आणि समोरच्या कांचनजंगेवर वैतागले होते. ८,५८६ मीटर उंचीचे, जगातले तिसऱ्या क्रमांकाचे शिखर डोळ्यांसमोर उभे, आणि हा पाहुणा रोजनिशीत त्याच्याबद्दल कुरकुर करतो आहे! उगवतीला ते शिखर लाल व्हायचे, तेही त्यांना भडक वाटू लागले होते. मग एका रात्री स्वप्न पडले. स्वप्नात तोच पर्वत, पण पांढराशुभ्र आणि पलीकडून, तिबेटच्या अंगाने पाहिलेला. जागे झाल्यावर त्यांनी जे नोंदवले त्याचा आशय असा: कांचनजंगेलाच काय, प्रत्येक पर्वताला एक बाजू अशी असते की जिचा फोटो कोणी काढलेला नसतो, जी पोस्टकार्डावर छापलेली नसते, आणि पाहण्यासारखी बाजू तेवढीच.

हे लिहिणाऱ्याच्या सामानात त्या वेळी कॅमेरा होता. त्या मुक्कामात त्यांनी कांचनजंगेचे फोटो काढले आणि पुढे श्रीलंकेतही काढले. न दिसणारी बाजूच खरी मानणारा माणूस दिसणाऱ्या बाजूचे फोटो कशाला काढतो? प्रश्न मर्टन यांच्यापुरता राहत नाही. बघणे आणि घेणे यांत फरक असतो का, आणि असला तर हातात कॅमेरा असताना तो टिकतो का? डोळ्यांचे काय करायचे याचा विचार धर्मांनी हजारो वर्षे केला. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाच्या शोधाची जाहीर घोषणा झाली आणि त्या जुन्या वादात एक यंत्र येऊन बसले.

मर्टन यांचा जन्म १९१५ सालचा, फ्रान्समधला. वडील न्यूझीलंडचे चित्रकार, आई अमेरिकन. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून, जाझपासून साम्यवादापर्यंत सगळ्यांत डोकावून झाल्यावर ते कॅथलिक झाले आणि १० डिसेंबर १९४१ रोजी केंटकी राज्यातल्या गेथसेमनी मठात दाखल झाले. मठ ट्रॅपिस्ट पंथाचा. भल्या पहाटे उठून प्रार्थना, शेतातली कामे, शक्य तितके मौन, आणि स्वतःच्या मालकीचे काहीही नाही. १९४८ मध्ये 'द सेव्हन स्टोरी माउंटन' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि मौनव्रती माणूस जगभर गाजला. १९६५ पासून ते मठाच्याच रानात सिमेंटच्या ठोकळ्यांच्या एका लहानशा घरात एकटे राहू लागले. त्याच वर्षी त्यांनी संपादित केलेले गांधीजींच्या अहिंसाविषयक विचारांचे पुस्तकही आले.

कॅमेऱ्याचा नाद लागला तो याच काळात. जवळ होता तो कॅनन कॅमेरा उसना होता. तो दिला होता जॉन हॉवर्ड ग्रिफिन यांनी. कातडीचा रंग काळा करून घेऊन अमेरिकेच्या दक्षिणेत फिरलेले आणि त्यावर 'ब्लॅक लाइक मी' लिहिणारे ते हेच. फिल्म धुण्याचे आणि छापण्याचे कामही ग्रिफिन करत. अपरिग्रहाच्या व्रतात फोटोग्राफी बसवायची तर अशी: यंत्र दुसऱ्याचे, अंधारखोली दुसऱ्याची, आपले फक्त उभे राहणे आणि बघणे.

बघितले काय, तर झाडाची उघडी पडलेली मुळे, भिंतीला टेकवलेली शिडी, एखादी खुर्ची, दगड, पांढऱ्या भिंतीवरची सावली. यांतले एकही दृश्य कोणी मुद्दाम जाऊन बघावे असे नाही. एका फोटोत मोकळ्या आकाशात लोंबकळणारा क्रेनचा भलामोठा लोखंडी आकडा आहे, बाकी काही नाही. त्याला मर्टन यांनी दिलेले शीर्षक असे की, देवाचे हे उपलब्ध असलेले एकमेव छायाचित्र. हा विनोद आहे हे उघड आहे, पण मूर्ती घडवायला बंदी असलेल्या दहा आज्ञा ज्याने पाठ केल्या त्या माणसाचा तो विनोद आहे. देवाचा फोटो निघत नाही, आणि निघालाच तर तो असा आकड्यासारखा निघेल: कशाला टांगला आहे ते चौकटीत नाही, आणि कशाला अडकवायचा तेही नाही.

कॅमेऱ्यावरचा सगळ्यांत कडक आरोप सुझन सोंटॅग यांनी १९७७ च्या 'ऑन फोटोग्राफी' या पुस्तकात केला. प्लेटोच्या गुहेपासून त्या सुरुवात करतात. गुहेत सावल्यांनाच खरे समजून बसलेली माणसे होती. आता आपण छापील सावल्या गोळा करतो आणि जग गोळा केल्यासारखे वाटून घेतो. फोटो काढणे म्हणजे समोरच्या वस्तूवर ताबा मिळवणे, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे एक निरीक्षण तर फारच मार्मिक आहे: ज्यांना कामावाचून चैन पडत नाही अशा माणसांना सुट्टीत अपराधी वाटते, आणि कॅमेरा त्यांना कामाला लावतो. उदाहरणे म्हणून त्यांनी जर्मन, जपानी आणि अमेरिकन पर्यटकांची नावे घेतली. राजमाची पॉइंटवर सहलीची बस रिकामी होताना त्यांनी पाहिली असती तर यादी वाढली असती.

आरोप खोटा नाही. तो अर्धा आहे एवढेच.

त्याची दुसरी बाजू बघायची तर परत कांचनजंगेवर जावे लागते. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक त्या शिखरावर पहिल्यांदा पोचले, आणि माथ्यापासून काही फूट खाली थांबले. सिक्कीमच्या लोकांसाठी ते शिखर पवित्र आहे. त्यावर पाय ठेवणार नाही, असे वचन मोहिमेने दिले होते. दुसऱ्या दिवशी गेलेली जोडीही तिथेच थांबली, आणि पुढच्या अनेक मोहिमांनी तो रिवाज पाळला. इतके चढून, श्वास कोंडेपर्यंत चढून, शेवटची काही पावले सोडून द्यायची. ही माणसे शिखरावर पोचली नाहीत असे कोणी म्हणत नाही. पोचूनही ताबा न घेता राहता येते, याचा इतका रोकडा पुरावा तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात सापडणे कठीण.

फोटोग्राफीत तसे जमते का? मर्टन यांचा स्वतःचा विचार इथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. आशियातल्या त्याच रोजनिशीत ते म्हणतात की कॅमेऱ्याला आपण काय टिपतो आहोत ते माहीत नसते. तो नुसता माल गोळा करतो. त्या मालातून आपण जे उभे करतो ते आपण पाहिलेले नसते. आपण पाहिले असे आपल्याला वाटलेले असते. म्हणून चांगली फोटोग्राफी भ्रमाला हाकलून देत नाही, तो भ्रम आहे याचे भान ठेवते आणि त्याला कामाला लावते. 'कॅमेरा खोटे बोलत नाही' या लाडक्या समजुतीच्या हे बरोबर उलट आहे. वेदान्त शिकलेल्या माणसाला त्यात मायेचा वास येईल, आणि मर्टन यांनी वेदान्त वाचलेला होताच.

फोटो कोणाचा, वस्तूचा की बघणाऱ्याचा, हा वाद त्याआधीही झाला होता. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या फोटोंतले बळ हे त्यांनी समोर बसवलेल्या माणसांवर टाकलेल्या मोहिनीचे आहे, असे एका टीकाकाराने लिहिले. स्टिग्लिट्झ यांना ते झोंबले. १९२२ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज इथे ढगांचे फोटो काढायला घेतले. ढगावर कोण मोहिनी टाकणार? ढग सगळ्यांना फुकट उपलब्ध, त्यांच्यावर कर नाही. पुढची कित्येक वर्षे ते ढग टिपत राहिले आणि त्या मालिकेला त्यांनी 'इक्विव्हॅलंट्स' म्हटले. त्यांतल्या बऱ्याच फोटोंत क्षितिज नाही, झाड नाही, वर कोणते आणि खाली कोणते तेही कळत नाही. वाद जिंकला की नाही ठाऊक नाही, पण एक गोष्ट सिद्ध झाली: विषय जवळजवळ काढून घेतला तरी फोटोत कोणीतरी उरतो.

तो कोणीतरी म्हणजे कोण? इथे मराठी वाचकाला परदेशी जाण्याची गरज पडत नाही. चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले, पण वयाने लहान आणि अधिकाराने मोठ्या माणसाला मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून कोरा कागद पाठवला, अशी कथा आहे. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्या, आणि ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांत उत्तर दिले. चांगदेव पासष्टीचा गाभा म्हणजे बघणारा, दिसणारे आणि बघणे या त्रिपुटीची उकल. आरशाचा दाखला तिथे येतो. आरशात चेहरा दिसतो खरा, पण आरसा समोर धरण्याआधीही चेहरा असतोच. आरशाने त्यात भर घातलेली नसते. दिसण्यासाठी दोन व्हावे लागते, असण्यासाठी नाही.

'दृग्दृश्यविवेक' नावाचे वेदान्ताचे छोटे प्रकरण हीच गोष्ट पायरीपायरीने सांगते: रूप दिसते आणि डोळा पाहतो, डोळाही दिसतो आणि मन पाहते, मनाच्या हालचालीही दिसतात आणि साक्षी पाहतो, तो साक्षी मात्र कधी दिसत नाही. कॅमेऱ्याने या साखळीत डोळ्याच्या पुढे आणखी एक कडी जोडली. पण शेवटची अडचण तशीच आहे. फोटोग्राफर चौकटीत येत नाही. त्याने कॅमेरा स्वतःकडे वळवला, हात लांब करून सेल्फी घेतली, तर त्या क्षणी तो दिसणाऱ्यांत जमा होतो, आणि बघणारा पुन्हा चौकटीबाहेर. लाखो सेल्फी काढल्या तरी हा हिशेब बदलत नाही. तरीही प्रत्येक फोटोत उभे राहण्याची जागा, डोळ्याची उंची, थांबण्याचा क्षण हे सगळे त्या न दिसणाऱ्याचेच असते.

रमण महर्षींनी त्या प्रकरणाचा तमिळ अनुवाद केला होता. १४ एप्रिल १९५० च्या रात्री तिरुवण्णामलैला त्यांचे निधन झाले तेव्हा आंरी कार्तिए-ब्रेसाँ तिथे होते. नेमका क्षण पकडणारा म्हणून ज्याची जगभर ख्याती, तो फोटोग्राफर. आकाशातून एक तेजस्वी उल्का सावकाश सरकत गेली आणि अरुणाचलाआड दिसेनाशी झाली. त्यांनी घड्याळ पाहिले, आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटे झाली होती. आश्रमाच्या आठवणींत त्यांच्याकडून उरली ती ही वेळ.

इथवर सगळे छान चालले आहे, कारण मुळे, ढग आणि उल्का तक्रार करत नाहीत. माणूस समोर आला की गोष्ट बदलते.

रामकृष्ण परमहंसांचे हयातीतले मोजकेच फोटो आहेत आणि त्यांत ते समाधीत आहेत. म्हणजे ज्याचा फोटो निघतो आहे त्याचे कॅमेऱ्याकडे लक्षच नाही. १० डिसेंबर १८८१ रोजी त्यांना कलकत्त्याच्या राधाबाजारातल्या बेंगाल फोटोग्राफर्स या स्टुडिओत नेले होते. (साठ वर्षांनी त्याच तारखेला मर्टन मठात गेले आणि १९६८ मध्ये त्याच तारखेला वारले. योगायोग म्हणून सोडून द्यावा.) स्टुडिओत रामकृष्णांनी फोटो कसा निघतो ते कुतूहलाने पाहिले आणि त्याच दिवशी शिष्यांना सांगितले: नुसत्या काचेवर ठसा टिकत नाही, काचेला काळे द्रावण लावलेले असले तर टिकतो, तसेच नुसते ऐकलेले टिकत नाही, आत भक्तीचा लेप असला तर टिकते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही नोंद अचूक आहे. काचेला चांदीच्या क्षारांचा लेप नसेल तर उजेड येतो आणि जातो. या दृष्टान्तात कॅमेरा गौण आहे. ठसा उमटवणारा प्रकाश, आणि तो धरणारी तयारी.

त्यांचा सगळ्यांत परिचित फोटो १८८३ मध्ये दक्षिणेश्वरच्या मंदिर परिसरात निघाला. त्याची काच हातातून पडून तडकली, म्हणून वरचा भाग कमानीसारखा गोल कापावा लागला. आज बंगाली घरांत आणि जगभरच्या मठांत ज्याची पूजा होते त्या प्रतिमेमागची ती कमान म्हणजे एका अपघाताची डागडुजी आहे. शारदादेवींनीही तो फोटो पुजला. शिर्डीत तर हा प्रवास आणखी पुढे गेला. साईबाबांची १९५४ मध्ये समाधी मंदिरात बसवलेली संगमरवरी मूर्ती मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी कृष्णधवल छायाचित्रावरून घडवली. यंत्राने टिपलेले रूप दगडात गेले आणि आता त्याच्यासमोर रांग लागते. रांगेतल्या माणसाला विचारले तर तो मूर्ती बघायला आलो असे सांगेलच, पण बाबांनी आपल्याकडे बघावे म्हणून आलो, असेही सांगेल. सोंटॅग यांच्या मांडणीत या दुसऱ्या वाक्याला जागा नाही. त्यांच्या जगात नजर एकाच दिशेने जाते.

नजर परत यावी यासाठी काय मोल द्यावे लागते, याचा किस्सा पुण्यात घडला. १९४६ मध्ये 'लाइफ' नियतकालिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्यासह फोटो काढायला आल्या. गांधीजींच्या सचिवांनी अट घातली: आधी तुम्हाला सूत कातता यायला हवे. हिटलरविरुद्धच्या युद्धात बॉम्बफेकी विमानातून फोटो काढून आलेल्या बाईंना पुण्यात चरख्यासमोर बसून तुटलेला धागा जोडत राहावे लागले. मग कळले की आज सोमवार, मौनाचा दिवस, तेव्हा बोलायचे नाही. खोलीत उजेड कमी, आणि गांधीजींना प्रखर प्रकाश नको, म्हणून फ्लॅशचे बल्ब फक्त तीन. दोन वाया गेले. तिसरा साधला. चरखा पुढे, गांधीजी मागे, खाली मान घालून कात्रणे वाचताहेत. ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, सूतही कातत नाहीत. 'लाइफ'ने तो फोटो प्रथम छापला तो निसर्गोपचारावरच्या मजकुराबरोबर, लहान आकारात. त्याचे मोठेपण लोकांच्या लक्षात आले ते गांधीजी गेल्यावर.

ज्या अटी त्या वेळी जाचक वाटल्या असतील, त्यांनीच तो फोटो घडवला, असे म्हणायला जागा आहे. याच बाईंनी ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी बिर्ला हाउसमध्ये गांधीजींच्या पार्थिवापाशी कॅमेरा लपवून नेला आणि फ्लॅश उडवला. शोकात बसलेली माणसे खवळली. फिल्म काढून घेण्यात आली, त्यांना बाहेर जावे लागले. कला तीच, माणूस तोच, कसबही तेवढेच. पुण्यात त्यांनी समोरच्यांना अटी घालायला वेळ दिला होता, दिल्लीत तो कोणालाच दिला नाही. कार्तिए-ब्रेसाँही त्या काळात दिल्लीत होते. हत्येच्या तासाभरापूर्वी ते गांधीजींना भेटले होते आणि आपल्या प्रदर्शनाचे पुस्तक त्यांना दाखवत होते. एका पानावर गांधीजी थांबले. त्यात वृद्ध कवी पॉल क्लोदेल जाणाऱ्या शवगाडीकडे वळून बघत होते. गांधीजींनी ते कशाचे चित्र आहे ते विचारून घेतले आणि मृत्यू हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला. फोटोग्राफर बघतो आहे की त्याला बघितले जाते आहे, हे अशा वेळी सांगता येत नाही.

वारीचे फोटो दरवर्षी निघतात. हेलिकॉप्टरमधून काढलेल्यांत माणसे म्हणजे रंगाचा पट्टा होतात आणि पट्टा देखणा असतो. 'पाहावा विठ्ठल' या पुस्तकातली उद्धव ठाकरे यांची छायाचित्रे त्या उंचीवरची आहेत. संदेश भंडारे यांच्या 'वारी : एक आनंदयात्रा' या पुस्तकात डोळा माणसांच्या उंचीवर येतो. दोन्ही खरे आहे. फक्त वरून बघणाऱ्याला कोणी 'माउली' म्हणून हाक मारत नाही, आणि खालून बघणाऱ्याच्या पायाला कोणीतरी लवून हात लावते, मग त्याला कॅमेरा बाजूला करून परत वाकावे लागते. तेवढ्यात एखादे उत्तम चित्र हुकत असेल. ते हुकणे वारीचाच भाग मानायचा की व्यवसायातले नुकसान, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. दुसरे उत्तर देणाऱ्याने दुर्बिणीसारखी लेन्स घेऊन दिवेघाटात वर जाऊन उभे राहावे हे उत्तम.

मर्टन मीमहून उतरले, मद्रासमार्गे श्रीलंकेत गेले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पोलोन्नरुवाच्या गल विहारात पोचले. बाराव्या शतकात कातळात कोरलेले बुद्ध, त्यांतला निजलेला चौदा मीटर लांब. ओल्या गवतातून ते अनवाणी तिथवर गेले. तिथे काय झाले ते त्यांना लगेच लिहिता आले नाही. काही दिवसांनी लिहिले, तेव्हाही त्याविषयी इतरांशी बोलून आपण काहीतरी बिघडवले असेल अशी धास्ती त्यांना होती. आपण जे शोधत होतो ते दिसले, आता प्रश्नच उरले नाहीत, असा त्या नोंदीचा सूर आहे. त्याच बुद्धांचे त्यांनी फोटोही काढले. फोटो चांगले आहेत, पण नोंदीत जे आहे ते फोटोंत शोधू गेल्यास सापडत नाही. थोड्याच दिवसांनी, १० डिसेंबरला, बँकॉकजवळ एका परिषदेच्या मुक्कामी बिघडलेल्या विजेच्या पंख्याचा धक्का बसून ते गेले. वय त्रेपन्न.

ग्रिफिन यांनी १९७० मध्ये 'अ हिडन होलनेस' या पुस्तकात मर्टन यांचे फोटो प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी एक तक्रारवजा आठवण सांगितली आहे. मर्टन केंटकीहून फिल्म पाठवत; ग्रिफिन आणि त्यांचा मुलगा ती धुऊन सगळ्या चौकटी एका कागदावर छापून परत पाठवत, म्हणजे मोठे करायचे फोटो मर्टन निवडू शकतील. बापलेकांना जे फोटो अव्वल वाटत, त्यांवर मर्टन खूण करतच नसत. ते मागत भलतेच. ती निवड या दोघांना पटायला पुष्कळ दिवस जात.